डार्करूममधले मूग

नाना,

परवा आमच्या मोठ्या ग्रोथ रूममध्ये पांढरे दिवे लागले. जांभळे काढून पांढरे. तुम्हाला हे सांगावं असं मनात आलं आणि मग लक्षात आलं की तिथे जांभळे दिवे होते हे तुम्हाला ठाऊक नाही, ग्रोथ रूम ठाऊक नाही, मी केळीच्या कामात आले हेसुद्धा तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी धुळ्यातच एका शाळेत बदलीवर शिकवत होते आणि पुढे काय करणार हे मलाच कळत नव्हतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. आपण घरात अहिराणीच बोललो, पण कागद पुढे घेतला की शाळेने लावलेली मराठीच हातातून उतरते, त्याला इलाज नाही. तुम्हीही दुकानाच्या पाटीवर 'येथे सर्व प्रकारचे फोटो काढून मिळतील' असंच रंगवून घेतलं होतं. अहिराणीत नव्हतं रंगवलं.

तर मी आता जळगावच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका टिश्यू कल्चरच्या कंपनीत आहे. चोपड्याकडचा शेतकरी ज्याला 'टिश्यूचं रोप' म्हणतो, ते आमच्याकडे तयार होतं. केळीच्या कंदाचा अगदी आतला कोंब घ्यायचा, त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा करायचा आणि काचेच्या बाटलीत, रोपाचं खाद्य घातलेल्या जेलीवर ठेवायचा. त्याला फुटवे येतात, ते पुन्हा कापायचे, पुन्हा बाटलीत लावायचे. या बाटल्या ज्या खोलीत मांडण्यांवर ओळीने ठेवलेल्या असतात ती ग्रोथ रूम. तिथे खिडकी नाही. ऊन नाही. रोपांना जो उजेड मिळतो तो आम्ही देऊ तोच, आणि तो कोणता द्यायचा, किती द्यायचा, कधी बंद करायचा हे मी ठरवते. दारावर माझं नाव आहे, नाना. पाटी छोटी आहे, पण आहे.

खिडकी नसलेल्या खोलीत जाताना मला कधी गुदमरल्यासारखं होत नाही. नव्या आलेल्या मुलींना होतं. मी वाढलेच तशा खोलीच्या दाराशी. आपल्या स्टुडिओचा पुढचा भाग म्हणजे खुर्ची, मागे रंगवलेला बगीच्याचा पडदा आणि दोन मोठे दिवे. त्याच्या मागे ती अंधारी खोली. तुम्ही आत गेलात की आई मला दाराजवळ खेळू द्यायची नाही, कारण मी एकदा दार ढकललं होतं, उजेड आत गेला आणि तुम्ही उघडलेलं फोटोच्या कागदाचं पाकीट वाया गेलं होतं. पुढे मी मोठी झाले तसं तुम्ही मला आत घ्यायला लागलात. फोटो पक्का करायच्या हायपोचा तो आंबट वास, ट्रेमधलं पाणी हलवण्याचा आवाज, आणि वर तो लाल दिवा. त्या लाल उजेडात तुमचा पांढरा शर्टही लाल दिसायचा आणि माझ्या हातावरची मेंदी मात्र दिसायची नाही, याची मला फार गंमत वाटायची. मी विचारलं होतं, दिवा लागलेला असताना कागद खराब कसा होत नाही. तुम्ही म्हणालात की कागदाला लाल रंग कळत नाही, त्याच्या लेखी इथे काळोखच आहे.

हे वाक्य मी इतकी वर्षं धरून होते की कॉलेजात गेल्यावरही त्याच्यावर शंका घ्यायचं मला सुचलं नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते काही मोठ्या ओढीने नाही. गणित नको होतं आणि प्राणिशास्त्रात बेडूक कापावा लागत होता. पण त्या वर्षी आम्हाला ज्या मॅडम आल्या त्यांनी पहिल्याच तासाला पालकाची पानं वाटून स्पिरिटमध्ये मुरवली, गाळून तो रस काचेच्या नळीत भरला आणि सगळ्यांना खिडकीकडे धरून बघायला सांगितलं. हिरवागार. मग त्या म्हणाल्या की पानाला हिरवा रंग आवडतो म्हणून ते हिरवं असतं असं समजू नका. उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यातला तांबडा आणि निळा हे पानातलं हरितद्रव्य सर्वांत जास्त ओढून घेतं, आणि त्या ताकदीवर हवा आणि पाण्यातून साखर बनवतं. हिरवा त्या मानाने कमी घेतला जातो, बराचसा परत फिरतो. तो परत आलेला रंग आपल्या डोळ्यांना दिसतो. घरी येऊन मी तुम्हाला हे जेवताना सांगितलं. तुम्ही घास हातात धरूनच म्हणालात, म्हणजे जे पोटात गेलं ते दिसत नाही, ताटात उरलेलं दिसतं. आईने तुमच्या ताटाकडे बघितलं, कारण तुम्ही वांगी टाकली होती.

प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. मूग पेरायचे, काही कुंड्या लाल उजेडात, काही निळ्या, काही हिरव्या, आणि काही पूर्ण अंधारात. अंधारातल्या कुंड्या सर्वांत महत्त्वाच्या, असं मॅडम सांगायच्या. बी रुजताना स्वतःची शिदोरी घेऊन निघतं, त्यामुळे अंधारातही ते चार दिवस वाढतंच. त्या रोपाचं वाळवून जे वजन भरेल ती नुसती शिदोरी. त्यापेक्षा जे जास्त भरेल ते उजेडाने दिलेलं. अंधार खोटा निघाला तर मापच खोटं. रंगांची सोय तुम्हीच केलीत. लग्नाच्या ऑर्डरींसाठी दिव्यांवर लावायचे ते रंगीत जिलेटीनचे कागद तुमच्याकडे पडून होते, त्यांची झाकणं करून गच्चीवर खोकी मांडली. प्रश्न अंधाराचा होता. कॉलेजात तशी खोली नव्हती. मी तुम्हाला भीत भीत विचारलं, कारण त्या खोलीत तुम्ही कुणाला बूट घालूनही येऊ देत नव्हता, आणि मला तर माती आणायची होती. तुम्ही एक फळी रिकामी केलीत, तिच्यावर वर्तमानपत्र पसरलंत, आणि म्हणालात की पाणी ट्रेमध्ये सांडलं तर बघ.

तेव्हा डिजिटल आलं होतं. रंगीत फोटोंचं सगळं काम बाजारातल्या लॅबवाल्यांकडे गेलं होतं आणि तुमच्याकडे उरले होते ते परीक्षेच्या फॉर्मचे काळेपांढरे फोटो आणि जुन्या निगेटिव्हच्या प्रती. तेवढ्यासाठी तुम्ही दुपारी आत जायचात. मी बजावलं होतं की आत उजेड न्यायचा नाही. तुम्ही नेला नाहीत. तुम्ही फक्त लाल दिवा लावलात.

ठरलेल्या दिवशी मी कुंड्या काळ्या कापडात गुंडाळून कॉलेजात नेल्या. अंधारात उगवलेले मूग कसे असतात हे मला पुस्तकातून पाठ होतं: लांबच लांब, पिवळट, मान खाली वाकलेली, पानं मिटलेली. माझ्या कुंड्यांतल्या मुगांनी माना वर केल्या होत्या. पानं उघडली होती आणि त्यांच्यावर पोपटी झाक होती. मॅडमनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, यांनी उजेड पाहिलाय. मी शपथेवर सांगितलं की नाही. त्या म्हणाल्या की तू शपथ घेशील, मूग घेणार नाहीत.

घरी आले ती रागाने. तुम्ही पुढे एका मुलाचा फोटो काढत होता. तो जाईपर्यंत मी उभी राहिले आणि मग विचारलं की तुम्ही आत दिवा लावला होतात का. तुम्ही सहज म्हणालात, लाल. आणि माझा चेहरा बघून म्हणालात, "लाल दिवा म्हनजे अंधारच शे ना?"

त्या क्षणी मला कळलं. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर मी तुम्हाला लाल दिव्याचं वेगळं सांगितलं नव्हतं. तुमच्या कागदाला जो रंग कळत नाही तोच मुगाला सर्वांत आधी कळतो. एवढासा दिवा, दुपारचा थोडा वेळ, पण त्या कोंबांनी मातीतून वर येऊन तो ओळखला होता आणि दिवस उजाडला असं समजून पानं उघडली होती. मला हे कळलं तरी राग गेला नाही. रात्री मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही जेवण झाल्यावर कुंड्यांजवळ उकिडवे बसून पुष्कळ वेळ बघत राहिलात. एक रोप बोटाने हळूच उचलून पाहिलंत. मग कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणालात, "मना कागदले लाल समजत नही, तुना मूगले समजस." तुम्हाला वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं. पण त्याच्याबरोबर आणखीही काही होतं. इतकी वर्षं ज्या दिव्याखाली काम केलं त्याच्याबद्दल एक नवी गोष्ट कळल्याचा आनंद तुमच्या तोंडावर होता, आणि तो तुम्हाला माझ्यापासून लपवता येत नव्हता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की प्रयोग पुन्हा कर, आणि हा फसलेला प्रयोगही प्रकल्पात लिही, कदाचित तोच सर्वांत चांगला भाग ठरेल. पाणी घालायला आत जाताना काय करायचं, या प्रश्नावर त्यांनी सांगितलं की अशा कामाला मंद हिरवा दिवा वापरतात, कारण अंधारात वाढणाऱ्या रोपाला हिरवा सर्वांत कमी जाणवतो. मी हे तुम्हाला सांगायला आणि तुम्ही स्टूल घेऊन वर चढायला एकच गाठ पडली. तुम्ही दिव्याची लाल काच काढलीत आणि तिच्या जागी हिरवं जिलेटीन लावलंत, एकावर एक घड्या, खोलीत स्वतःचा हात जेमतेम दिसेल इतक्या. नवीन लाल काच बसवली की तुम्ही फोटोच्या कागदावर नाणं ठेवून दिवा लावायचात, मग कागद धुवून बघायचात. नाण्याच्या जागी गोल उमटला तर दिवा खोटा. तेच तुम्हाला मुगाचं करायचं होतं. दोन कुंड्या घेतल्या, एक डब्याखाली झाकली, एक हिरव्या दिव्यात उघडी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी शेजारी धरून आपण दोघांनी बघितल्या. फरक दिसला नाही. "पास," तुम्ही म्हणालात. माझ्या वाढदिवसाला तुम्ही घड्याळ दिलं होतंत, बारावीला सायकल दिलीत, पण कुणी विचारलं तर वडिलांनी दिलेली भेट म्हणून मला तो हिरवा दिवाच आठवतो.

तर दुसऱ्यांदा मूग लावले. लाल दिवा लावायचा नाही आणि हिरव्यात फोटोचा कागद काळा पडतो, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायला लागलात की आठवडाभर प्रिंट मिळणार नाही. फॉर्मवाली पोरं लॅबमध्ये गेली. आणि मग त्या बाई आल्या. पिंपळनेरच्या पलीकडच्या कुठल्याशा पाड्याजवळच्या गावाहून, सकाळच्या एसटीने. रुमालात बांधून त्यांनी एक मोठी जुनी निगेटिव्ह आणली होती. लग्नानंतर त्या आणि त्यांचे यजमान धुळ्याला आले होते, तेव्हा तुम्हीच काढलेला फोटो. घरातली प्रत पावसात भिंतीला चिकटून गेली होती, आणि यजमानांचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर होतं. लॅबवाल्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरून बघितली आणि परत दिली, आमच्या यंत्रात बसत नाही म्हणाले. त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं होतं.

मी काउंटरमागे उभी होते. मी म्हणाले, नाना, लावा लाल दिवा, मी पुन्हा पेरीन. पुन्हा पेरायला वेळ नव्हता हे तुम्हालाही माहीत होतं. परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. तुम्ही बाईंना म्हणालात, बसा माय, चहा घ्या. निगेटिव्ह पाकिटात घातली, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि रस्ता ओलांडलात.

रस्त्याच्या पलीकडे काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. समोरचा स्टुडिओ, त्याच्याही मागे तशीच अंधारी खोली. तुम्ही आणि तो चालवणारे काका, दोघं एकाच उस्तादाकडे शिकलात, एकाच कॅमेऱ्यावर. कानबाईच्या मिरवणुकीचा तो फोटो, डोक्यावर देवी घेतलेली बाई आणि तिच्यामागे उडालेला गुलाल, त्यांनी स्वतःचा म्हणून काचेत लावला आणि तुम्ही म्हणालात की बटण मी दाबलं होतं. त्यानंतर तुम्ही एकमेकांशी बोलला नव्हता. माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यांच्या दुकानाच्या बाजूने जायचं असेल तर तुम्ही रस्ता बदलायचात. आणि त्या दिवशी तुम्ही सरळ त्यांच्या पायऱ्या चढलात. मी दारात येऊन बघत राहिले. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. आईने चहा आणला, बाईंनी घेतला, त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं आणि मी काय सांगितलं ते आठवत नाही. शेवटी तुम्ही टिपकागदात धरलेला फोटो घेऊन बाहेर आलात. काका त्यांच्या दाराशी उभे होते. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बाईंनी फोटो हातात घेतला, पदराने कोरडा करायला गेल्या, तुम्ही घाईने त्यांचा हात धरलात आणि म्हणालात की वारा लागू द्या. त्या हसल्या आणि मग रडल्या. त्यांना गाडी मिळाली.

तिथे आत काय बोलणं झालं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. अंधारातले मूग या वेळी खरे निघाले, पिवळे आणि वाकलेले. मी त्यांचं वजन केलं तेव्हा मॅडम शेजारी उभ्या होत्या. लाल आणि निळ्या खोक्यांतल्या रोपांचं वजन चांगलं भरलं. हिरव्यातली रोपं उंच आणि किडकिडीत झाली होती, पण अंधारातल्यांपेक्षा जड होती. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हिरव्यात तर वाढायलाच नको होती, पान हिरवा घेत नाही. मी सांगितलं की सर, मला जे भरलं ते मी लिहिलंय. जिलेटीनमधून थोडे दुसरे रंग झिरपले असतील तेही लिहिलंय, पण सगळं वजन त्याचंच आहे असं मी म्हणू शकत नाही.  ते हसले आणि पुढचं पान उलटलं. ते पुढचं पान लाल दिव्याचं होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. निकाल लागला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत, आणि एक पुडा आईच्या हाती समोर पाठवलात. स्वतः गेला नाहीत.

तुम्ही गेल्यावर दहाव्याला ते काका आले. चप्पल बाहेर काढून ओसरीवर बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तो दिवस सांगितला. तुम्ही पायऱ्या चढलात तेव्हा त्यांना आधी आनंदच झाला होता, असं ते म्हणाले, कारण त्यांना वाटलं तुमचं दुकान बसलं. त्यांनी विचारलं, "तुनी डार्करूमले काय व्हयनं?"

आणि तुम्ही म्हणालात, "तठे मनी पोर शिकी ऱ्हायनी. दिवा लावता येत नही."

काका म्हणाले, तिथे पोर शिकते आहे एवढं त्यांना पुरलं. त्यांनी दार उघडलं. आत तुम्ही फोटो मोठा करायच्या यंत्रावर, एनलार्जरवर, उभे राहिलात आणि ते ट्रेजवळ, जसे उस्तादाकडे उभे राहायचात तसे, न सांगता. फोटो दोनदा काढला, कारण पहिल्यात यजमानांचा चेहरा तुम्हाला फिका वाटला. मी काकांना विचारलं की कानबाईचा फोटो कुणी काढला होता. ते उठता उठता म्हणाले, मीच. त्या बाबतीत दोघांपैकी कुणीही शेवटपर्यंत हटलं नाही.

आता जांभळ्या दिव्यांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे दिवे विकणारा एक माणूस आला. चांगला शिकलेला, बोलायला गोड. त्याने मालकांना सांगितलं की पान लाल आणि निळाच घेतं, मग हिरव्याचं वीजबिल कशाला भरायचं. फक्त लाल आणि निळे दिवे लावा, दोन्ही मिसळून जांभळा उजेड पडतो, रोपं जोमात येतात. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अर्धं होतं. मीही मान डोलावली. दिवे लागले, आणि खरंच, रोपं बरी वाढली. पण त्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं, नाना. परत फिरवायला हिरवा रंगच नसतो, तर दिसणार काय. मुलींची डोकी दुखायला लागली, बाहेर आलं की त्यांना भिंती हिरवट दिसायच्या. आणि मग बाटल्या खराब निघायला लागल्या. बाटलीत जंतू शिरला की जेलीत दुधासारखा ढग येतो. तो वेळेवर दिसला तर ती बाटली काढून टाकता येते, नाही दिसला तर तिच्यातलं रोप पुन्हा कापून दहा चांगल्या बाटल्यांत जातं. मांडणीच्या मांडणी वाया गेल्या. मालक म्हणाले की तपासणाऱ्या मुली लक्ष देत नाहीत, त्यातल्या दोघींना काढून टाका. एक चोपड्याकडच्या खेड्यातून येते, घरात तिच्या एकटीचाच पगार येतो. दुसरी बारावीनंतर बाहेरून शिकते आहे.

मला त्या वेळी तुमचा एक जुना ओरडा आठवला. मी शाळेत असताना लाल दिव्याखाली ट्रेमधला फोटो बघून म्हणाले होते की झाला, छान आला. तुम्ही तो तसाच ओला माझ्या हातात दिलात आणि बाहेर नेऊन दाखवायला सांगितलंत. उन्हात तो राखेसारखा फिका होता. तुम्ही खरंच चिडला होतात. "लाल उजेडात बठ्ठं चांगलंच दिसस," म्हणालात. "बाहेर आन, मंग बोल."

मी मालकांना ग्रोथ रूममध्ये नेलं. म्हणाले, साहेब, या मांडणीतल्या खराब बाटल्या तुम्ही निवडा. त्यांनी दोन बाजूला काढल्या. मग मीही निवडल्या, मला एक सापडली. मग आम्ही ती मांडणी ढकलत बाहेरच्या व्हरांड्यात, उन्हात आणली. मालक वाकून एक एक बाटली बघत गेले आणि आत न दिसलेल्या ढगाच्या बाटल्या एकामागून एक बाजूला काढत गेले. ते मुळात केळीवालेच आहेत, पान बघून रोग सांगणारा माणूस. शेवटी त्यांनी विचारलं, हे दिवे पास कुणी केले होते. मी म्हणाले, तुम्ही. आणि मी. ते म्हणाले, मग त्या पोरींना कशाला काढायचं.

तरी मी लगेच दिवे बदला म्हटलं नाही. अर्ध्या मांडण्यांवर पांढरे, अर्ध्यांवर जांभळे ठेवून एक हंगाम वजनं घेतली. पांढऱ्यात लाल, निळा आणि हिरवा तिन्ही असतात. रोपं मागे पडली नाहीत. खालच्या, सावलीत दबलेल्या पानांचं तर बरंच चाललं होतं, कारण लाल आणि निळा वरच्या पानातच संपतात आणि हिरवा त्यातून झिरपून खाली उतरतो, खालचं पान त्याच्यावर आपलं काम भागवतं. ज्याला आपण परत फिरलेला म्हणत होतो, त्यातलाही पुष्कळसा सावकाश घेतला जातो. आज मी त्या परीक्षकांना हे नीट समजावून सांगू शकते. मग परवा सगळे पांढरे दिवे लागले. त्या दोघी मुली आत उभ्या होत्या. एकजण म्हणाली, मॅडम, आज रोपं हिरवी दिसताहेत. आणि मी काहीतरी काम काढून बाहेर आले, कारण मला तुमच्यासारखंच लपवता येत नाही.

आई माझ्याकडेच असते. तिला हे वाचून दाखवावं असं मनात होतं, पण ती म्हणेल, इतलं लांब कशाले लिखं. तेव्हा हे टेबलाच्या खणातच राहील.

एक गोष्ट मात्र सांगून टाकते. गेल्या महिन्यात शिरपूरच्या एका कॉलेजची मुलं कंपनी बघायला आली होती. मी त्यांना उजेडाबद्दल सांगितलं, लाल, निळा, हिरवा, सगळं. निघताना एक मुलगी मागे थांबली आणि तिने विचारलं, मॅडम, तुमच्या घरात कुणी शास्त्रज्ञ होतं का. मी म्हणाले, हो, वडील. तिने विचारलं, कुठे होते. मी म्हणाले, धुळ्यात, त्यांची स्वतःची लॅब होती. तिने ते लिहून घेतलं. मी तिला थांबवलं नाही.